सर्व्हरच्या पोटातली पर्ल

काही वर्षे एका पतसंस्थेच्या संगणकप्रणालीची देखभाल माझ्याकडे होती. ही प्रणाली पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली होती, अपाची या वेब सर्व्हरवर (ब्राउझरला पाने पुरवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालत होती आणि वयाने माझ्या नोकरीपेक्षा मोठी होती. सभासदाचा खातेउतारा काढणाऱ्या तिच्यातील स्क्रिप्टबद्दल, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमबद्दल, एके दुपारी मुख्य शाखेतून फोन आला : “साहेब, उताऱ्यातल्या नोंदी बरोबर आहेत, शिल्लकही बरोबर आहे, पण वरती नाव भलत्याच सभासदाचं छापून येतंय.” पैशांच्या व्यवहारात असले काही ऐकले की पोटात गोळा येतो. मी घाईने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तीन-चार उतारे काढून पाहायला सांगितले, ते बरोबर निघाले आणि प्रकरण मिटले असे समजून फोन ठेवला. तासाभरात तोच फोन पुन्हा आला.

माझ्या संगणकावर हा दोष काही केल्या दिसत नव्हता. त्याचे कारण लाजिरवाणे होते, पण ते मला फार उशिरा कळले : चाचणीसाठी मी दर वेळी एकच खाते क्रमांक टाकत असे. शेवटी धागा दिला तो शाखेतल्या लिपिकबाईंनी. त्या म्हणाल्या, “चुकीची नावं कुणाचीही येत नाहीत हो, रोज सकाळी जे चार-पाच जण पहिल्यांदा येऊन उभे राहतात, त्यांचीच दिवसभर येतात.” इतके नेमके निरीक्षण कोणत्याही लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, मिळाले नसते.

आदल्या आठवड्यात मी एकच बदल केला होता. उतारे सावकाश निघतात अशी तक्रार असल्यामुळे मी ती स्क्रिप्ट सीजीआयवरून मॉड पर्लवर हलवली होती. सर्व्हरकडून पर्लचे प्रोग्रॅम चालवून घेण्याच्या या दोन पद्धती. सीजीआयच्या पद्धतीत प्रत्येक रिक्वेस्टसाठी, म्हणजे ब्राउझरकडून आलेल्या मागणीसाठी, नवी प्रोसेस (चालता प्रोग्रॅम) जन्माला येते, स्क्रिप्ट चालवणारा पर्लचा इंटरप्रिटर नव्याने चढतो, स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून कंपाइल होते (चालण्याजोग्या रूपात येते), चालते आणि मरते. या मरण्यात फार मोठी सोय दडलेली असते, कारण लेखकाने उघड्या टाकलेल्या फाइली, न पुसलेली व्हेरिएबल्स (माहिती ठेवायच्या नाव दिलेल्या जागा) आणि विसरलेली कनेक्शन्स हा सगळा पसारा ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः आवरते. लॅरी वॉल यांनी 1987 मध्ये पर्ल प्रसिद्ध केली, तेव्हा वेब जन्माला यायचे होते. भाषेच्या अनेक सवयी ‘चाला आणि संपा’ अशा छोट्या प्रोग्रॅमच्या आहेत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गिस्ले आस यांनी सुरू केलेल्या आणि डग मॅकइकर्न यांनी वाढवलेल्या मॉड पर्लने हा इंटरप्रिटर थेट अपाचीच्या प्रोसेसमध्ये बसवला. त्यामुळे कंपाइल करण्याचे काम प्रत्येक चाइल्ड प्रोसेसमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट हाताळायला अपाचीने जन्माला घातलेल्या प्रोसेसमध्ये, एकदाच होते आणि वेग कित्येक पटींनी वाढतो, मात्र प्रोग्रॅम आता मरत नाही. सर्व्हरच्या आत चालणाऱ्या पर्लचे बहुतेक दोष आधीच्या रिक्वेस्टचे मागे काय उरले, या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात.

आमच्या उताऱ्यात काय उरले होते? जुन्या सीजीआय स्क्रिप्ट जशाच्या तशा चालाव्यात म्हणून मॉड पर्लबरोबर ‘रजिस्ट्री’ नावाचे मॉड्यूल (जोडून वापरायचा तयार प्रोग्रॅम) येते. ते आपली संपूर्ण फाइल उचलते, फाइलच्या नावावरून एक पॅकेज, म्हणजे नावांचा स्वतंत्र कप्पा, तयार करते आणि सगळा मजकूर ‘हँडलर’ नावाच्या एका सबरूटीनमध्ये (हवा तेव्हा बोलावता येणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्यात) गुंडाळून कंपाइल करते. आपल्याला वाटते की आपण फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवर लिहीत आहोत, पण प्रत्यक्षात ती पातळी एका सबरूटीनच्या आतली असते आणि आपण लिहिलेली सबरूटीन्स त्याच्याही पोटात जातात. पर्लमध्ये नाव असलेले सबरूटीन एकदाच तयार होते आणि बाहेरचे ‘माय’ने, म्हणजे ‘हे फक्त या भागापुरते’ असे सांगणाऱ्या शब्दाने, जाहीर केलेले व्हेरिएबल ते त्याच वेळी घट्ट धरून ठेवते. दुसऱ्या रिक्वेस्टला बाहेरच्या हँडलरमध्ये त्याच नावाचे नवे व्हेरिएबल तयार होते, परंतु आतल्या सबरूटीनच्या हातात जुनेच राहते. (मराठी माणसाला हे चटकन कळायला हरकत नाही, या ‘माय’ची माया पहिल्या लेकरावरून सुटत नाही.)

आमच्या स्क्रिप्टमध्ये सभासदाचे नाव मुख्य भागात डेटाबेसमधून येत होते, आणि उताऱ्याचा माथा छापणारे सबरूटीन ते नाव आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे बोलावताना हाती दिलेली माहिती म्हणून, न घेता बाहेरच्या व्हेरिएबलमधून थेट वाचत होते. नोंदी आणि शिल्लक मात्र आर्ग्युमेंट म्हणून दिली जात होती. म्हणून आकडे बरोबर आणि नाव चुकीचे असे अर्धवट सत्य कागदावर उतरत होते. अपाचीच्या प्रीफोर्क रचनेत, म्हणजे प्रोसेस आधीच तयार ठेवणाऱ्या रचनेत, सुरुवातीला पाच चाइल्ड प्रोसेस तयार होतात, त्यामुळे सकाळचे पहिले पाचेक सभासद दिवसभर सगळ्यांच्या माथी बसत होते. आणि मी सर्व्हर पुन्हा चालू केला की प्रत्येक प्रोसेसची पहिली रिक्वेस्ट बरोबर येत होती, म्हणजे माझा उपाय केवळ नव्या पाच जणांची नेमणूक करत होता.

पर्लने हे सांगितले नव्हते असेही नाही. ‘व्हेरिएबल विल नॉट स्टे शेअर्ड’ (व्हेरिएबल सामाईक राहणार नाही) अशा शब्दांची एक सूचना एरर लॉगमध्ये रोज सकाळी चार-पाच वेळा पडत होती, कारण ती कंपाइल होताना प्रत्येक प्रोसेसमध्ये एकदाच येते. मी ती पाहिली होती आणि निरुपद्रवी समजून सोडून दिली होती, कारण टर्मिनलवर, म्हणजे हाताने आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत, तीच फाइल तपासली असता पर्लकडून ‘सिंटॅक्स ओके’ एवढेच उत्तर येत होते. टर्मिनलवर बाहेरचा हँडलर नसतो, त्यामुळे तेथे हा दोष आणि त्याची सूचना दोन्ही अस्तित्वातच नसतात. खात्री करायची असेल तर एक सोपा प्रयोग आहे : स्क्रिप्टचा सगळा मजकूर आपल्या हाताने एका सबरूटीनमध्ये गुंडाळावा आणि ते सबरूटीन वेगवेगळ्या माहितीनिशी तीनदा बोलवावे. तिन्ही वेळा पहिलेच उत्तर आले, की सर्व्हरवर जाण्याची गरज उरत नाही.

सर्व्हरवरच पाहायचे असेल, तर अपाचीला कॅपिटल एक्स हा पर्याय देऊन एकाच प्रोसेसमध्ये चालवावे. पाच प्रोसेसमध्ये लपंडाव खेळणारा दोष तेव्हा पहिली रिक्वेस्ट बरोबर, दुसरी चूक, अशा ठरावीक क्रमाने समोर येतो. याच्या उलट, प्रत्येक चाइल्ड प्रोसेसने एकच रिक्वेस्ट हाताळून संपावे अशी मर्यादा सेटिंगमध्ये घातली आणि दोष नाहीसा झाला, तर निदान पक्के होते. ती मर्यादा उपाय म्हणून तशीच ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. मग सीजीआय सोडून इतकी उठाठेव का केली, हा प्रश्न त्यांना कोणीतरी विचारायला हवा.

खरी दुरुस्ती म्हणजे आतल्या सबरूटीनला लागणारी प्रत्येक गोष्ट आर्ग्युमेंटमधून देणे, आणि सबरूटीन्स मोठी असतील तर ती वेगळ्या मॉड्यूलमध्ये नेऊन ठेवणे. ‘माय’च्या जागी ‘अवर’ लिहिल्यानेही नाव बरोबर येऊ लागते आणि पुष्कळ ठिकाणी हाच सल्ला वाचायला मिळतो, पण तो मला पसंत नाही. ‘अवर’चे व्हेरिएबल पॅकेजच्या मालकीचे असल्यामुळे रिक्वेस्ट संपल्यावरही त्याची किंमत शाबूत राहते, ज्या वाटेवर ते पुन्हा भरायचे राहून गेले, त्या वाटेवर मागच्या माणसाची माहिती पुढच्याला मिळते. आमच्याकडेच दुसऱ्या एका स्क्रिप्टमध्ये लॉगिन करणारा व्यवस्थापक असेल तर एक खूण ‘एक’ केली जात असे, आणि नसेल तर ती ‘शून्य’ करण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. सीजीआयमध्ये ती प्रत्येक वेळी रिकामीच जन्माला येई. मॉड पर्लमध्ये एकदा व्यवस्थापक येऊन गेला, की त्या प्रोसेसच्या वाट्याला येणारा प्रत्येक लिपिक व्यवस्थापक होत असे. ही चूक कोणाच्या तक्रारीवरून सापडली नाही, हे सांगायला नको.

याच जातीचा आणखी एक लहानसा नमुना म्हणजे शोधाच्या पॅटर्नला लावलेले ‘ओ’ हे अक्षर. पॅटर्नमध्ये व्हेरिएबल असले तरी तो एकदाच कंपाइल करावा, अशी ती सूचना असते आणि सीजीआयच्या काळात वेग वाढवण्यासाठी लोक ती सढळ हाताने लावत. मॉड पर्लमध्ये ‘एकदाच’ याचा अर्थ प्रोसेसच्या आयुष्यात एकदाच असा होतो, आणि सकाळी कोणी ‘कदम’ शोधले असेल तर त्या प्रोसेसला संध्याकाळपर्यंत कदमच सापडत राहतात.

उताऱ्याइतकाच त्रास मला एका पावतीपुस्तकाने दिला. पावतीचा पुढचा क्रमांक एका साध्या फाइलमध्ये ठेवलेला होता. स्क्रिप्ट ती फाइल उघडून कुलूप लावी (म्हणजे बाकीच्या प्रोसेसना ते सुटेपर्यंत थांबावे लागे), क्रमांक वाढवी आणि पावती छापून संपे. फाइल बंद करण्याची ओळ अगदी शेवटी, पावती छापल्यानंतर होती, आणि तिथवर स्क्रिप्ट पोचली नाही तरी पूर्वी प्रोसेस संपताच कुलूप आपोआप सुटत असे. मॉड पर्लवर आल्यानंतर आठवड्यातून एखाद्या वेळी सगळ्या शाखांचे पावती-पान फिरत राही. लॉगमध्ये काहीही नसे, प्रोसेसरवर भार नसे, डेटाबेसही मोकळा असे. काही वेळा पाच-दहा मिनिटांनी सगळे आपोआप सुरळीत होई, आणि ते अधिकच चक्रावून टाकणारे होते.

अशा वेळी लॉग वाचत बसण्यात अर्थ नसतो, कारण अडकलेला प्रोग्रॅम काही लिहीत नाही. मी एका अडकलेल्या प्रोसेसला तिच्या क्रमांकावरून एसट्रेस हे साधन जोडले. ते चालू प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय मागत आहे हे ओळीने दाखवते. तेथे एकच ओळ होती आणि ती पुढे सरकत नव्हती : प्रोसेस कुलपाची वाट पाहत होती. कुलूप कोणाकडे आहे हे एलएसओएफ या, उघड्या फाइली दाखवणाऱ्या, साधनाने सांगितले, आणि ती प्रोसेस निवांत बसलेली होती. तिच्यातली आधीची रिक्वेस्ट कुलूप लावल्यावर, प्रिंटरच्या भागात चूक होऊन मध्येच मेली होती. रिक्वेस्ट मेली तरी प्रोसेस जिवंत, आणि फाइल जुन्या पद्धतीच्या नावाने, म्हणजे ‘माय’च्या व्हेरिएबलशिवाय उघडलेली असल्यामुळे ती सगळ्या पॅकेजसाठी उघडीच राहिली होती. नंतर योगायोगाने एखादी पावतीची रिक्वेस्ट त्याच प्रोसेसकडे गेली, की त्याच नावाने फाइल पुन्हा उघडताना पर्ल जुनी आपसूक बंद करी आणि कुलूप सुटे. आपोआप बरे होण्याचे गूढ एवढेच होते. फाइलचे हँडल ‘माय’च्या व्हेरिएबलमध्ये ठेवले, की तो भाग संपताच, मग तो नीट संपो वा मरून, फाइल बंद होते. दुरुस्ती दोन ओळींची होती आणि ती सापडायला तीन आठवडे लागले.

संपण्याबद्दल आणखी एक गोष्ट येथेच नोंदवतो. मॉड पर्ल ‘एक्झिट’ला, म्हणजे प्रोग्रॅम संपवण्याच्या आज्ञेला, स्वतःचा पर्याय बसवते, नाहीतर प्रत्येक स्क्रिप्ट संपताना अख्खी चाइल्ड प्रोसेस घेऊन गेली असती. मॉड पर्लच्या दुसऱ्या आवृत्तीत हा पर्याय आतून ‘डाय’सारखाच, म्हणजे चूक झाल्यावर मरण्याच्या आज्ञेसारखाच, काम करतो. त्यामुळे ‘इव्हॅल’च्या, म्हणजे आतल्या चुका पकडून ठेवणाऱ्या, कंसात ‘एक्झिट’ लिहिलेले असेल तर ते तेथेच पकडले जाते आणि प्रोग्रॅम थांबण्याऐवजी कंसाच्या पुढे चालू लागतो. ‘पैसे अपुरे’ असा संदेश छापल्यावरही पुढचे पान छापले जात असेल, तर आधी येथे पाहावे.

फाइल बदलली तरी जुनाच प्रोग्रॅम चालतो, ही तक्रार नवख्यांची समजली जाते, पण तिच्यात बारकावे आहेत. रजिस्ट्री मुख्य स्क्रिप्टची बदललेली वेळ पाहून ती पुन्हा कंपाइल करते, परंतु त्या स्क्रिप्टने ‘यूज’ किंवा ‘रिक्वायर’ने ओढलेल्या मॉड्यूलकडे ती पाहत नाही. पर्ल एकदा आणलेल्या फाइलींची नावे ‘इंक’ या हॅशमध्ये (नावानुसार शोधता येणाऱ्या यादीत) नोंदवून ठेवते आणि नाव तेथे असेल तर फाइल पुन्हा वाचत नाही. परिणामी जुन्या प्रोसेस जुने मॉड्यूल चालवतात, दरम्यान जन्मलेली नवी प्रोसेस नवे वाचते, आणि एकच पान दोनदा उघडले की दोन प्रकारची उत्तरे येतात. विकासाच्या संगणकावर ‘अपाची टू रीलोड’ हे मॉड्यूल हा प्रश्न सोडवते. प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर मी अपाची पूर्ण थांबवून मगच चालू करतो. ‘इंक’मध्ये नोंद होते ती आपण लिहिलेल्या नावाची, म्हणून एकाच सर्व्हरवरच्या दोन प्रणालींनी ‘कॉन्फिग’ याच नावाची आपापली फाइल मागितली, तर जिची रिक्वेस्ट आधी आली तिचीच फाइल वाचली जाते आणि दुसरीला स्वतःची मिळतच नाही. फाइलींची नावे वेगळी ठेवणे हाच त्यावरचा साधा तोडगा आहे.

या फाइली शोधण्याच्या वाटाही बदलत आल्या आहेत. 2017 च्या पर्ल 5.26 पासून चालू फोल्डर शोधाच्या यादीतून वगळला गेला, आणि 2015 च्या 5.22 पासून सीजीआय हे मॉड्यूल पर्लबरोबर येणे बंद झाले. ऑपरेटिंग सिस्टिम नवी केल्यावर जुनी प्रणाली एका झटक्यात पडण्यामागे पुष्कळदा यांपैकीच एक कारण असते. शिवाय रजिस्ट्री स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये शिरून काम करत नाही. तसे हवे असेल तर ‘रजिस्ट्री प्रीफोर्क’ हे तिचे भावंड वापरावे लागते, किंवा, जे मला अधिक पटते, प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता लिहावा लागतो.

डेटाबेसच्या बाबतीत दोन प्रकार मी स्वतः भोगले. पहिला सकाळचा : रात्रभर कोणी काम न केल्यामुळे मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसने कनेक्शन तोडलेले असे आणि दिवसाची पहिली काही पाने ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ म्हणत कोसळत. मायएसक्यूएल निष्क्रिय कनेक्शनसाठी मूळ सेटिंगनुसार 28,800 सेकंद, म्हणजे 8 तास थांबते. संस्था संध्याकाळी सहाला बंद होऊन सकाळी दहाला उघडत असे, त्यामुळे दोष घड्याळाच्या काट्यावर येत होता. ‘अपाची डीबीआय’ हे मॉड्यूल जुने कनेक्शन देण्यापूर्वी ते जिवंत आहे का हे विचारून घेते आणि हा प्रश्न संपतो. दुसरा प्रकार अधिक वाईट. वेग वाढावा म्हणून मी अपाची सुरू होतानाच, चाइल्ड प्रोसेस जन्मण्यापूर्वी कनेक्शन उघडून ठेवले होते. पाचही लेकरांना तेच एक कनेक्शन वारशाने मिळाले आणि एकाच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती पडू लागले. मॉड्यूल आधीच चढवून ठेवणे चांगले, त्यामुळे त्यांची मेमरी सगळ्यांत वाटली जाते. कनेक्शन मात्र प्रत्येक प्रोसेसने जन्मल्यानंतर स्वतः उघडायचे असते.

नावे मराठीत असल्यामुळे एक दोष खास आमच्या वाट्याला आला. टर्मिनलवर अस्खलित छापली जाणारी देवनागरी ब्राउझरमध्ये मोडक्या चिन्हांची रांग होऊन येत होती. माझ्या टर्मिनलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये ‘पर्ल युनिकोड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (पर्लला मजकूर युनिकोड समजायला सांगणारी बाहेरची सेटिंग) कधीकाळी घातलेले होते आणि ते मी विसरलो होतो. अपाची माझ्या नावाने लॉगिन करत नाही, त्याचा यूझर वेगळा, त्याचे एन्व्हायर्नमेंट वेगळे, परवानग्याही वेगळ्या. त्यामुळे माझ्या हाताने चालते, हा पुरावा सर्व्हरच्या बाबतीत पुरावाच नसतो. इनपुट आत येताना डीकोड (बाइटची चिन्हे करणे) आणि आउटपुट बाहेर जाताना एन्कोड (चिन्हांचे बाइट करणे), हे स्क्रिप्टमध्येच स्पष्ट लिहिल्यावर चिन्हे सरळ झाली आणि सोबत आणखी एक खोड निघाली. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, म्हणजे ‘पाटील’ या नावाची 5 चिन्हे 15 बाइट घेतात. पूर्वीच्या माणसाने नाव 20 वर कापले होते आणि ते 20 बाइट मोजले जात असल्यामुळे सहा चिन्हांनंतर सातव्याचे दोन तृतीयांश तुकडे छापले जात. डीकोड केल्यावर तेच 20 खरोखरीची 20 चिन्हे झाली.

आता कोणताही सर्व्हर ताब्यात आला, की मी आधी लॉगच्या प्रत्येक ओळीत प्रोसेसचा क्रमांक येतो आहे का ते पाहतो. एरर लॉग डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत ‘अपाची2’ नावाच्या फोल्डरखाली, तर रेड हॅटच्या कुळात ‘एचटीटीपीडी’ या फोल्डरखाली सापडतो. पर्लमध्ये डॉलरचे चिन्ह दोनदा लिहिले की चालू प्रोसेसचा क्रमांक मिळतो, आणि स्वतःच्या नोंदींत तो घालायला काही कष्ट पडत नाहीत. उताऱ्याच्या दोषाच्या वेळी हा क्रमांक लॉगमध्ये असता, तर ठरावीक क्रमांकासमोर ठरावीक नाव मला पहिल्याच दिवशी दिसले असते आणि लिपिकबाईंना ते सांगावे लागले नसते.

पतसंस्थेच्या स्क्रिप्टपैकी बहुतेक मी हळूहळू मॉड्यूलमध्ये नेल्या. चार मात्र इतक्या गुंतागुंतीच्या होत्या, की त्या ‘पर्लरन’ या रजिस्ट्रीच्या सावध भावाकडे सोपवल्या. तो इंटरप्रिटर चढलेला ठेवतो, पण स्क्रिप्ट दर वेळी नव्याने कंपाइल करतो आणि तिचे पॅकेज झाडून घेतो. वेग थोडा जातो, घर स्वच्छ राहते. माझ्यानंतर आलेल्या मुलाने मध्यंतरी फोन करून विचारले, की या चारच फाइली वेगळ्या ओळीत का लिहिल्या आहेत, सगळ्या एकसारख्या करू का. मी त्याला आधी दोन वेगवेगळी खाती घेऊन तपासायला सांगितले.